व्हॅक्युम क्लीनर ओढत नाही? मोटारीला दोष देण्याआधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे रंगकाम झालं. रंगारी गेले आणि मागे घरभर पुट्टीची पांढरी पूड राहिली. झाडूनं काढायला जावं तर ती उडायची आणि थोड्या वेळानं सोफ्यावर येऊन बसायची. शेवटी माळ्यावरचा व्हॅक्युम क्लीनर उतरवला. बेडरूम झकास निघाली. दुसऱ्या खोलीत मशीनचा आवाज चिरका व्हायला लागला, नळीचं तोंड तळहाताला लावलं तरी काही जाणवेना. हॉलमध्ये पोचेपर्यंत मशीन गप्प. मागच्या जाळीतून गरम, करपट वास.

दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगून टाकलं, "मोटार गेली." नव्या मोटारीचा आकडाही सांगितला, तो ऐकून मी फोन ठेवला. तासाभरानं सहज बटण दाबलं तर मशीन सुरू! मोटार गेलीच नव्हती, ती तापून स्वतःहून बंद पडली होती. पिशवी उघडली तर निम्मीही भरलेली नव्हती. पण आतल्या कापडावर पुट्टीचा असा थर बसला होता की जणू कोणी पुन्हा हात मारलाय. फिल्टरची तीच गत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हॅक्युम क्लीनर कचरा ओढतो असं आपण म्हणतो, पण तो ओढतो हवा. कचरा हवेबरोबर येतो, एवढंच. ही हवा ब्रशमधून दांडीत, तिथून नळीत, मग पिशवीत किंवा डब्यात, पुढे फिल्टरमधून मोटारीच्या पंख्यापर्यंत जाते आणि मागच्या जाळीतून बाहेर पडते. या वाटेवर कुठेही अडलं की ओढणं संपलं. घरगुती सुक्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हीच हवा मोटारीलाही थंड ठेवते. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणाऱ्या त्या छोट्या मोटारीला दुसरा वारा नसतो. वाट तुंबली की ती तापते आणि आतला सुरक्षेचा स्विच वीज तोडतो.

चिरक्या आवाजाचं कारणही तेच. आपल्याला वाटतं मोटारीवर ताण आला. खरं उलट आहे. पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, ओझं कमी होतं, म्हणून तो आणखी जोरात फिरतो. आवाज चढला की ताबडतोब बंद करायचं आणि वाट कुठे अडलीय ते बघायचं. ‘एवढी खोली उरकते आणि मग बघते’ ही मी केलेली पहिली चूक.

पिशवी भरायची वाट बघणं

पिशवी किंवा डबा दोन तृतीयांश झाला की रिकामा करावा, हे माहितीपुस्तकात असतं आणि ते नेहमीच्या केर-केसांसाठी ठीक आहे. बारीक पुडीला हा हिशेब लागू नाही. पुट्टी, सिमेंट, पीठ, रांगोळी यांची मूठभर पूडसुद्धा कापडाची छिद्रं बुजवते. रांगोळी सांडली की आधी सुपली आणि कुंचा घ्या, फटीतली उरलेली तेवढी मशीननं. रंगकामानंतरची पूड ओल्या फडक्यानं पुसणं हाच शहाणपणा. ते काम घरगुती मशीनचं नव्हेच.

कागदी पिशवीची गंमत वेगळी. नवी पिशवी महाग पडते म्हणून मागची कड कापायची, केर झटकायचा आणि स्टेपलर मारून तीच परत लावायची, हा उद्योग मीही केलाय. कागदाची छिद्रं झटकून मोकळी होत नाहीत, आणि स्टेपलच्या फटीतून निसटलेली धूळ थेट पुढच्या फिल्टरवर जाते. वाचवलेले पैसे फिल्टरमध्ये गेले. परत परत वापरायची असेल तर कापडी पिशवीच घ्या आणि ती बाल्कनीत नव्हे, कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत तिचं तोंड घालून झटका. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वाळवण तेवढं वाचेल.

देवघराजवळ आणखी एक धोका असतो. धुपाच्या, उदबत्तीच्या राखेत निखारा दिसत नाही पण असतो. मशीनची हवा त्याला फुंकर घालते, आणि पिशवीत तर केस, कागद, कापूस असं सगळं जळण तयारच असतं. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय नळी जवळ नेऊ नका. ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला तरीही मशीन लावू नका. त्यात थोडा पारा असतो आणि मशीन तो खोलीभर पसरवतं. खिडक्या उघडा, जाड कागदानं तुकडे गोळा करा, उरलेलं ओल्या टिश्यूनं टिपून घ्या.

ओला फिल्टर लावणं

सगळ्यात जास्त मशीन याच चुकीनं मरत असावीत, निदान आमच्या ओळखीपाळखीत तरी. माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, फिल्टर धुवा आणि २४ तास वाळवा. कोरड्या हवेत हे जमतं. जुलैतल्या ठाण्यात किंवा रत्नागिरीत २४ तासांत रुमाल वाळत नाही, तर बोटभर जाडीचा स्पंज काय वाळणार? वरून कोरडा लागतो, दाबला की मधून गारवा जाणवतो. असा फिल्टर बसवला की धूळ त्यावर चिखलासारखी थापली जाते, बुरशी धरते, आणि मशीन सुरू केल्याबरोबर घरभर ओल्या पोत्याचा वास सुटतो. शिवाय ती दमट हवा मोटारीवरूनच जाते.

पावसाळ्यात फिल्टर धुतला की पंख्याखाली दोन दिवस राहू द्यावा. गालाला लावून बघावा, गार लागला तर ओला आहे. घाई म्हणून हेअर ड्रायर मारू नका, प्लॅस्टिकची चौकट वाकडी होते आणि मग कडेनं धूळ निसटते. उन्हाळ्यात गच्चीवर भर दुपारी टाकलेला स्पंजही काही महिन्यांत भुगा व्हायला लागतो. सावलीतला वारा उत्तम. मी सरळ दुसरा फिल्टर विकत आणून ठेवलाय. एक वाळत असतो, एक मशीनमध्ये.

धुण्याआधी एक गोष्ट नक्की बघायची: तो धुण्याजोगा आहे का? घड्या घातलेला, कागदासारखा दिसतो तो बऱ्याचदा हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर असतो. एच १३ दर्जाचा असेल तर पकडायला सर्वांत अवघड अशा सूक्ष्म कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवण्याच्या कसोटीला तो उतरलेला असतो. हे काम तो तंतूंच्या दाट जाळीनं करतो. नळाची धार लागली की ती जाळी विस्कटते. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि बारीक धूळ आरपार जाऊ लागते. घरात दम्याचं माणूस असेल तर हे पांढरंशुभ्र समाधान फार महागात पडतं. फिल्टरवर ‘धुता येतो’ अशी खूण नसेल तर कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर हलकेच आपटायचा, मऊ ब्रश फिरवायचा, आणि काळवंडला की बदलायचा. धुण्याजोगा असला तरी साबण नको. साबणाचा चिकटपणा राहतो आणि धूळ आणखी घट्ट बसते.

वाट कुठे अडलीय ते कसं शोधायचं

प्लग काढूनच सगळं करायचं. फक्त सक्शन तपासायला लावायचा, परत काढायचा.

आधी मुठीजवळची छोटी सरकती खिडकी बघा. पडदे साफ करताना ओढ कमी करायला ती उघडतात आणि मग विसरतात. माझ्या मावशीनं चार महिने ‘मशीन म्हातारं झालं’ म्हणून वापरलं नव्हतं. खिडकी उघडी होती. दोन सेकंदांत मशीन तरुण झालं.

ती बंद असेल तर पुढचा ब्रश काढा आणि नुसत्या दांडीनं ओढून बघा. ओढलं, तर दोष ब्रशमध्ये. नाही, तर दांडी काढून नुसती नळी. तरीही नाही, तर नळी काढून मशीनच्या तोंडावर तळहात. तिथे जोर आहे म्हणजे नळी तुंबलीय. तिथेही नाही, तर पिशवी आणि फिल्टर. ही चार पावलं टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि दुरुस्तीवाला दारात आल्याचे पैसे वाचतात.

नळीसाठी माझ्याकडे एक गोटी आहे, मुलाच्या जुन्या डब्यातली. नळीच्या एका टोकातून सोडायची आणि नळी वरखाली करत दुसऱ्या टोकाकडे आणायची. गोटी घरंगळत आली तर वाट मोकळी. एकदा ती अडली ती मुठीच्या वळणापाशीच. तिथे काय निघालं? एक केसांची पिन आडवी बसलेली, तिला केसांचा गुंता, त्या गुंत्यात तोरणाचे चार मणी, पेन्सिल तासल्याची सालं आणि कढीपत्त्याचं वाळकं पान. मूळ गुन्हेगार पिन, बाकी सगळे तिच्या आश्रयाला आलेले. अशा वेळी तार खुपसू नका, नळीला भोक पडलं की तिथून हवा आत येते आणि तोंडाशी ओढ राहत नाही. ब्लोअर असलेल्या मशीनला नळी मागच्या बाजूला लावून उलटी हवा सोडता येते. तोंडावर जुनी उशीची खोळ बांधा, नाहीतर सगळं भिंतीवर.

फिरता ब्रश असेल तर त्याच्या टोकांवरच्या टोप्या काढून बघा. मधले केस सगळेच कापतात, टोकाशी बेअरिंगभोवती आवळलेले केस राहून जातात, आणि ब्रश फिरायचा थांबतो तो त्यांच्यामुळे.

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं मशीन

डबा मोठा आहे म्हणून बिनधास्त पाणी ओढू नका. कोरड्या कचऱ्याची पिशवी आणि फिल्टर आधी काढायचे, पाण्यासाठीचा वेगळा स्पंज दिला असेल तो बसवायचा. डबा भरत आला की आतला तरंगता गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो आणि आवाज एकदम चढतो. तो बिघाड नव्हे, ‘थांबा’ म्हणून सांगणं आहे. साबणाच्या फेसाला मात्र हा गोळा तरंगत नाही, फेस त्याला वळसा घालून मोटारीपर्यंत जातो. सोफा शांपूनं धुतलात तर फेस मरेपर्यंत थांबा. काम झालं की डबा पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा. आणि फक्त कोरड्यासाठी असलेल्या मशीननं ओल्या फरशीवरचा केर ओढू नका. पुसणाऱ्या मावशींच्या पाठोपाठ मशीन फिरवायची सवय अनेक घरांत आहे. क्रम उलटा करा.

वायरबद्दल थोडक्यात. गुंडाळणाऱ्या वायरवर पिवळी खूण दिसली की पुरे, लाल खुणेपुढे ओढली तर आतलं टोक तुटतं. १४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास घेतं, तेव्हा मोबाइल चार्जरसाठी आणलेला बारीक एक्स्टेन्शन बोर्ड त्याला लावू नका. तो गरम झालेला हाताला कळतो. जाता जाता, मोठा वॉट म्हणजे मोठी ओढ असंही नाही. युरोपीय संघात २०१७ पासून घरगुती मशीनला ९०० वॉटची मर्यादा आहे, आणि तिथल्या घरांतली धूळ तरीही निघते.

माळ्यावरचा वनवास

ऐंशीच्या दशकात युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जायचे, गादीतली धूळ काढून दाखवायचे, आणि आयांच्या चेहऱ्यावर शरम उमटली की मशीन विकलं जायचं. त्यातली कितीतरी पुढच्या महिन्यात माळ्यावर गेली. आजही तेच होतं. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीला उतरवायचं, आणि पिशवी भरलेलीच परत वर. त्या केरात अन्नाचे कण असतात. वर्षभरात झुरळं संसार थाटतात, पावसाळ्यात ओल धरते, घडी पडलेली नळी नेमकी घडीवरच चिरते. वर ठेवायचंच असेल तर पिशवी रिकामी, फिल्टर कोरडा, नळी सैल गोल. बॅटरीवर चालणारं असेल तर निम्मं चार्ज करून, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर नकोच. लिथियम बॅटरीला उष्णता बाधते, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षभर पडली तर ती पुन्हा उठेलच असं नाही.

स्वतःहून फिरणारा रोबोट क्लीनर घेतलेल्यांचं गाऱ्हाणं बहुधा एकच: ‘मध्येच थांबतो, मागे सरतो.’ त्याला उलटा करा. कडेला खाली बघणारे छोटे डोळे असतात, जिन्यावरून पडू नये म्हणून. त्यावर धूळ बसली की त्याला सगळीकडे खड्डाच दिसतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. काळ्या सतरंजीवर थांबत असेल तर त्याला काही झालेलं नाही, काळा रंग त्याचे इन्फ्रारेड किरण परतवत नाही आणि तो सतरंजीलाच दरी समजतो.

आता खरोखर मोटार दुखत असेल तेव्हाची लक्षणं. पिशवी, फिल्टर, नळी सगळं काढून, मोकळ्या हवेतही मशीन खरखरत असेल तर बेअरिंग गेलंय. आचके देत चालत असेल, मागच्या जाळीतून मोठ्या नारिंगी ठिणग्या दिसत असतील तर बहुतेक कार्बन ब्रश झिजलेत. बारीक निळसर ठिणग्या मात्र या प्रकारच्या मोटारीत असतातच, त्यांना घाबरू नका. कार्बन ब्रश म्हणजे पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या दोन कांड्या. त्यांची किंमत नव्या मोटारीच्या पासंगालाही पुरत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला की ‘मोटार बघा’ म्हणू नका. ‘कार्बन बघा’ म्हणा, आणि काढलेले जुने तुकडे हातात मागून घ्या.