बेरिक ते एक्सीट: साउथ डाउन्सचा माथा आणि कक्मिअरचं खोरं एका दिवसात

दक्षिण इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्सची ही चाल सुमारे १३ किलोमीटरची, एकूण चढ ३०० मीटरच्या आसपास. आधी साउथ डाउन्सचा डोंगर, मग कक्मिअर नदी हाच क्रम ठेवा. उलट केलं तर सगळ्यात मोठा चढ थकलेल्या पायांवर येतो.

बेरिक स्टेशनचं तिकीट काढताना नावापुढे ‘ससेक्स’ आहे ना, हे बघा. याच स्पेलिंगने सुरू होणारं दुसरं स्टेशन स्कॉटलंडच्या सीमेजवळ आहे. आपलं स्टेशन लुइस आणि ईस्टबर्नच्या मधलं. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल२५ घ्या. त्यावरचे ४ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. मोबाइलवर तोच नकाशा आधीच उतरवून ठेवला तरी चालेल, पण कागदी प्रत सोबत असावी. दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी पटकन उतरते.

वेळेचा हिशोब सोपा आहे: ताशी ४ किलोमीटर, वर प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं. म्हणजे पावणेचार तास निव्वळ चालणं. फाटकं, जेवण, चिखल धरून साडेपाच तास मोजा. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात दहाच्या आत स्टेशन सोडलेलं बरं.

पहिला टप्पा, स्टेशन ते विल्मिंग्टन, नकाशावर सपाट आणि निरुपद्रवी दिसतो. पाऊस पडून गेल्यावर मात्र तोच सगळ्यात जास्त दमवतो. डोंगर खडूचा आहे, तो पाणी पिऊन टाकतो. ही शेतं मात्र चिकणमातीची, पाणी वरच साचतं आणि बुटाला किलोभर माती चिकटते. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट इथे उपयोगी पडतात. वाटेत ए२७ हा वाहता रस्ता ओलांडावा लागतो; गाड्या भरधाव येतात, घाई नको.

वाटेवरच्या खांबांवर बाण असतात. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांची वाट दाखवतो, निळा बाण घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही खुली असलेली. ओकच्या फळाचं चिन्ह दिसलं की तुम्ही साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर आहात. वाट नांगरलेल्या शेतातून जात असली तरी तो हक्काचा रस्ता आहे. कडेकडेने वळसा घालू नका, सरळ एकामागे एक चाला. फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

विल्मिंग्टनच्या पुढे डोंगराच्या उतारावर ‘लाँग मॅन’ दिसतो, ७२ मीटर उंचीची मानवाकृती. ती खडूची वाटते, पण आजची रेघ १९६९ साली बसवलेल्या आणि पांढऱ्या रंगवलेल्या ठोकळ्यांची आहे. आकृतीवरून चढू नका, त्या उताराची झीज होते. पायथ्याशी पोचल्यावर उजवीकडची वाट धरा, ती पुढे साउथ डाउन्स वेला मिळते. तिथून डावीकडे चढलं की २१४ मीटरचा विंडओव्हर हिल. माथा पाहून त्याच वाटेने मागे फिरा आणि आल्फ्रिस्टन गावाकडे उतरा.

माथ्यावर प्यायचं पाणी मिळत नाही. म्हणून स्टेशनवरूनच माणशी दीड लिटर भरून निघा, उन्हाळ्यात दोन. सावलीही नाही. उतरताना सांभाळायची ती ओली खडू: पांढरी, गुळगुळीत झालेली, मध्ये चकमकीचे गोटे असलेली वाट साबणासारखी निसरडी होते. कडेच्या गवतावरून, छोटी पावलं टाकत, गुडघे किंचित वाकवून उतरा. काठी असेल तर ती उतारासाठी थोडी लांब करून घ्या.

आल्फ्रिस्टनमध्ये चर्चशेजारचं गवताने शाकारलेलं क्लर्जी हाउस, म्हणजे पाद्र्यांचं जुनं घर, बघाच. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत, १८९६ साली, १० पौंडांना. जेवण इथेच उरका. पबची स्वयंपाकघरं बहुधा दुपारी अडीच-तीनला बंद होतात.

मग पांढऱ्या पादचारी पुलावरून पूर्व काठावर या आणि नदी उजव्या हाताला ठेवून लिट्लिंग्टनपर्यंत बांधावरून चाला. काठ पाण्याखाली असेल तर पूर्वेकडचा अरुंद डांबरी रस्ता धरा. तिथे फुटपाथ नाही, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला. गाईंच्या कळपात वासरं असतील तर मधून जाऊ नका. सोबतच्या कुत्र्यावर गाय धावून आली तर त्याला सोडून द्या. तो पळून सुटतो, दोरी धरून उभा असलेला माणूस सापडतो.

लिट्लिंग्टन ते वेस्टडीन हा शेत आणि फ्रिस्टन फॉरेस्टचा टप्पा. वेस्टडीनच्या तळ्यापाशी चाल संपली असं वाटतं, पण तिथूनच झाडीत पायऱ्या चढायच्या आहेत. वर चकमकीच्या दगडांची भिंत लागते आणि पलीकडे कक्मिअरची नागमोडी वळणं. आज मुख्य प्रवाह त्यांतून जात नाही. १८४६ साली शेजारून सरळ कालवा खणून त्यांना बाजूला काढलं गेलं.

खाली एक्सीटला ब्रायटन–ईस्टबर्न मार्गावरची १२ नंबरची बस मिळते. सीफर्डला उतरलात तर पुढे रेल्वे आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी या मार्गावर झुंबड असते, म्हणून शेवटच्या बसच्या भरवशावर न राहता तिच्या आधीची गाठा.