चिचेन इत्साला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ होतो तो घड्याळाचा. मेक्सिकोतलं कानकून शहर किन्ताना रो राज्यात आहे आणि चिचेन इत्सा या प्राचीन माया शहरातला कुकुल्कानचा पिरॅमिड युकातान राज्यात. युकातानचं घड्याळ कानकूनच्या एक तास मागे असतं. सकाळी याचा फायदाच होतो. कानकूनहून सहाला निघालात, तर दोनशे किलोमीटरला अडीच तास धरले तरी तिथल्या साडेसातला पोहोचता. दार आठला उघडतं.

फटका बसतो तो परतताना. चारला निघून साडेसहाला विमानतळ गाठू, असा हिशेब लोक करतात, आणि तिथल्या घड्याळात साडेसात वाजलेले असतात. नऊचं विमान असलं, तर बॅगा घेऊन धावत सुटायचं. परतीचा हिशेब कानकूनच्या वेळेनेच करा. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करा. गाव जेमतेम पाऊण तासावर आहे आणि त्याच राज्यात. एका दिवसात तीन ठिकाणं उरकायची सहल घेऊच नका. भर दुपारी पोहोचता, मैदानात सावलीचा पत्ता नसतो आणि गर्दीत पिरॅमिड धड दिसतही नाही.

दुसरी चूक विषुवदिनाची. मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या तारखांना दुपार कलल्यावर उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण उमटतात आणि तळाशी असलेल्या दगडी सर्पमुखाला जाऊन मिळतात, जणू साप खाली उतरतोय. लोक बरोबर जिन्यासमोर उभे राहतात. तिथून काही दिसत नाही, कारण हे त्रिकोण कठड्याच्या पश्चिमेकडच्या अंगावर पडतात. वायव्येला उभं राहा. नेमक्या तारखेचा हट्टही नको. एक-दोन दिवस आधी किंवा नंतर जा. साप जवळपास तसाच दिसतो, गर्दी मात्र बरीच कमी असते.

टाळी वाजवून बघायची तर जिन्यासमोर, थोडं लांब उभं राहून एकच कडक टाळी वाजवा आणि थांबा. वरच्या पायऱ्यांवरून आवाज उशिरा परततो, म्हणून प्रतिध्वनी उतरत्या सुरात, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. लागोपाठ टाळ्या पिटल्या की नुसता कालवा.

चढायला बंदी आहे. चार बाजूंच्या प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून 365, हे खालून मोजा.

तिकिटं दोन, एक केंद्राचं आणि एक राज्याचं. पेसो रोख ठेवा. ड्रोन नेऊ नका.

आणि आवारातला पवित्र सेनोते, म्हणजे पाण्याने भरलेला नैसर्गिक खड्डा, पोहण्यासाठी नाही. पोहायचं तर जवळच्या इक किल सेनोतेला जा, तेही अंगाला क्रीम न चोपडता.