सोलापुरात काडाच्या गाठींचे घर बांधायचे तर

सोलापुरात मे महिन्यात स्लॅबचे घर दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत आतल्या माणसांना शेकत राहते. माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे जाड सपाट छत असलेल्या, जुन्या घरांत हा ताप नव्हता. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हे या भागात कोणी विसरलेले नाही. जाडीने जुन्या भिंतीसारखी आणि वजनाने तिच्याहून पुष्कळ हलकी अशी भिंत गव्हाच्या काडाच्या दाबलेल्या गाठींनी उभी करता येते. अमेरिकेतील नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर लाकूड मिळत नसल्याने तिथल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत सुरू केली.

काड म्हणजे धान्य काढून घेतल्यावर उरलेली पोकळ, कोरडी ताटे. ज्वारीचा कडबा यासाठी वापरू नये. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे, आणि त्यातील गोडव्यामुळे कीडही लवकर लागते. हार्वेस्टरने गहू काढल्यावर शेतात पडून राहणारे काड बेलरवाल्याकडून, म्हणजे काड दाबून गाठी बांधणाऱ्या यंत्रवाल्याकडून, बांधून घ्यावे. गाठ साधारण ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १४ इंच उंच असावी व तिचे वजन पंधरा किलोच्या खाली नसावे. दोरीत बोटे घालून उचलल्यावर जी गाठ मधोमध वाकते, ती सैल समजून परत करावी. नंतर हात कोपरापर्यंत आत खुपसून पाहावे. ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर ती गाठ कितीही घट्ट असली तरी भिंतीत घालू नये. ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाले तर वीस टक्क्यांच्या आतलीच गाठ घ्यावी.

बाहेरून १५ बाय २० फुटांची आणि ९ फूट उंचीची खोली धरल्यास दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ५४० चौरस फूट भिंत उरते. गाठ आडवी ठेवल्यावर तिचा दर्शनी भाग साडेतीन चौरस फुटांचा होतो, म्हणजे सुमारे १५५ गाठी लागतात. तुटफूट धरून १७० सांगाव्यात.

हे घर आपण उन्हासाठी बांधतो, पण त्याला मारते ते पाणी. आपल्याकडे पाऊस थोडा असला तरी तो वळवाचा आणि सप्टेंबरचा, म्हणजे वाऱ्यासकट आडवा येणारा असतो. म्हणून काळी माती पूर्ण काढून, मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर दीड ते दोन फुटांचे दगडी जोते उचलावे आणि वळचण भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर काढावी. छताचा भार खांब-तुळयांवर घेऊन आधी छप्पर पूर्ण करावे, मगच गाठी जागेवर आणाव्यात. आम्ही घाई करून छपराआधीच गाठी रचून ताडपत्री घातली. एप्रिलमधल्या एका संध्याकाळच्या वादळाने ती उडवली आणि अकरा गाठी भिजल्या. वाळवून पाहिल्या, पण चौथ्या दिवशी आतून वाफ निघू लागल्यावर त्या शेतात आच्छादनाला टाकाव्या लागल्या.

पहिला थर थेट फरशीच्या पातळीवर ठेवू नये. जोत्यावर दोन समांतर लाकडी पट्ट्या ठोकून मधे खडी भरावी, म्हणजे खोलीत बादली कलंडली तरी पाणी काडापर्यंत चढत नाही. त्यावर विटांसारखे सांधे मोडत आठ थर चढवावेत. त्यांची ११२ इंचांची उंची वरून दाबून १०८ वर आणावी आणि दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून त्या आरपार दोरीने आवळाव्यात. काम चालू असताना खरा धोका सुट्या काडाच्या आगीचा असतो. ते रोज संध्याकाळी झाडून दूर न्यावे आणि त्या आवारात विडी पेटवू देऊ नये. दाबलेल्या, लिंपलेल्या गाठीत हवाच खेळत नसल्याने ती सहसा पेट घेत नाही.

गवंडी सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरील. तो मानू नये. त्याला तडे गेले की पाणी आत जाते आणि सिमेंटमागे अडकून काड कुजवते. माती, वाळू आणि बारीक कापलेले काड आठवडाभर भिजवून, तुडवून त्याचे लिंपण करावे. पहिला हात, म्हणजे पहिला थर, तळव्याने काडात दाबून भरावा आणि पुढचे दोन हात आधीचा सुकल्यावर द्यावेत. एकूण जाडी सव्वा ते दीड इंच व्हावी. बाहेरून चुन्याचा पातळ थर द्यावा, मात्र चुनकळी विझवताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. मृगापूर्वी बाहेरचे लिंपण पूर्ण वाळले पाहिजे, असा मागे हिशेब करून काम सुरू करावे.

न्हाणीघराची भिंत विटांचीच बांधावी आणि पाण्याचा नळ काडाच्या भिंतीतून नेऊ नये. नुसत्या पत्र्याखाली ही सारी मेहनत वाया जाते, कारण मेमध्ये सर्वाधिक उष्णता वरूनच उतरते. पत्र्याखाली लाकडी तक्तपोशी करून तिच्यावर काडाचा जाड थर भरावा.

राहायला गेल्यावर उन्हाळ्यात खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद कराव्यात आणि रात्री सताड उघडाव्यात. शहाबादी फरशी आणि आतले लिंपण रात्रीचा गारवा धरून ठेवतात. जड फळी टांगायची जागा लिंपणापूर्वीच ठरवून तिथे लाकडी खुंट्या रोवाव्यात, कारण नुसत्या काडात खिळा टिकत नाही. महिन्यातून एकदा जोत्याभोवती फिरून वाळवीचे मातीचे बोगदे दिसतात का पाहावे व दिसताच खरवडावेत. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या रंगकामाआधी, वळचणीखालच्या भेगा त्याच मातीने बुजवून त्यावर चुन्याचा एक हात फिरवावा.