सलाइनचा गजर बनवायचाय? आधी टीम नीट बांधा

जनरल वॉर्डात रात्री सलाइन संपतं, नळीत रक्त चढतं, कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) रक्त गोठून बंद पडते आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागतं. यावर गजर करणारं उपकरण बनवायचं म्हटलं, की इंजिनिअर मंडळी पहिल्याच आठवड्यात सेन्सर मागवतात. थांबा, आधी माणसं जमवा.

पाच-सहा जण पुरेत. डॉक्टर हवेत ते कायमस्वरूपी नोकरीतले. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) उत्साही असतो, पण पोस्टिंग बदललं की त्याचा वॉर्डशी संबंध सुटतो. रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर पहिल्या दिवसापासून हव्यात, ‘फीडबॅक’पुरत्या शेवटी नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सचा एक, उत्पादन डिझाइनचा एक, आणि उद्या हे यंत्र दुरुस्त करणारा रुग्णालयाचा बायोमेडिकल (वैद्यकीय यंत्रांचा) इंजिनिअर. नियमांची जाणकार व्यक्ती सल्लागार असली तरी चालेल. निर्णय अडला तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा: वापराबाबत सिस्टरचा, सुरक्षिततेबाबत डॉक्टरांचा, बांधणीबाबत इंजिनिअरचा.

मग किमान दोन रात्री वॉर्डात बसा. रुग्णालयाची लेखी परवानगी घ्या. रुग्णांची नावं टिपू नका, फोटो काढू नका. एक तांत्रिक आणि एक वैद्यकीय अशी जोडी करा. दोघांनी टिपणं वेगवेगळी लिहायची आणि सकाळी ताडून पाहायची. इंजिनिअर थेंब मोजत असतो, तर सिस्टरला हवं असतं ते ‘कोणत्या खाटेकडे आधी धावू’ याचं उत्तर. ही तफावत इथेच सापडली पाहिजे. नंतर सगळ्यांनी मिळून गरज एका वाक्यात लिहा: कोणाची अडचण, कुठे, आणि काय घडलं म्हणजे ती सुटली. त्या वाक्यात उपायाचं नाव आलं, तर वाक्य खोडा.

टीम एकत्र बसल्याचा फायदा पुढच्या हिशोबात दिसतो. ‘५० मिली उरलं की वाजव’ हा इंजिनिअरचा सरळ विचार. पण ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल, तर साध्या सेटचे (सलाइनच्या नळीचे) २० थेंब म्हणजे १ मिली धरून मिनिटाला सुमारे २१ थेंब पडतात, आणि ते ५० मिली ४८ मिनिटं पुरतात. तीच बाटली तासाभरात द्यायची असेल तर सहाच मिनिटं. पहिला गजर इतका लवकर वाजतो की सिस्टर तो बंद करून विसरतात. दुसरा वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सीमा उरलेल्या मिलीवर नको, उरलेल्या मिनिटांवर ठेवा. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, तेव्हा थेंब मोजणार असाल तर सेट निवडायची सोयही लागेल. बाटलीचं वजन मोजणार असाल, तर रुग्णाने हात हलवला की बाटली झुलते आणि आकडा नाचतो. काही सेकंदांची सरासरी घ्या.

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटरवर करायला हरकत नाही, पण त्यात वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांवर मऊ पडतं, आणि वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो. हा भाग शरीराला लागत नाही, त्यामुळे तो निर्जंतुक करायची गरज नाही. मात्र वॉर्डात रोज जंतुनाशकाने पुसला जाणार. कोणत्या, ते सिस्टरना विचारा. पहिली चाचणी बादली, पाणी आणि मोजपात्र घेऊन टेबलावरच करा.

भांडण हमखास होतं ते शोधनिबंध आणि पेटंटवरून. डॉक्टरांना परिषदेत पोस्टर लवकर लावायचं असतं. पण पेटंटच्या अर्जाआधी तपशील जाहीर झाला तर पेटंटच अडचणीत येतं. तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज आधी भरा, मग पोस्टर लावा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. लेखकांचा क्रमही त्याच सुमारास ठरवून घ्या.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार उपकरणं अ ते ड अशा चार वर्गांत मोडतात, आणि वर्ग ठरतो तुम्ही लिहिलेल्या वापराच्या हेतूवरून. म्हणून हेतूचं ते वाक्य इंजिनिअरने एकट्याने लिहू नये. रुग्णांवर चाचणी करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या, कोणती सरकारी परवानगी लागते ते सल्लागाराकडून तपासा, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पूर्ण करा. नैतिकता समितीत वैद्यकाबाहेरची माणसंही असतात, तेव्हा संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत सिस्टरकडून वाचून घेऊन मगच पाठवा.