संघाची वंशावळ अशी मांडा

२०१९च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले संघ खेळले. पहिला सामना जादा वेळेत गेला, पेसर्सने १३२-१३१ मारला. भारावून दादरला घरी आलो, किंग्जचा इतिहास लिहायला बसलो आणि ‘विजेतेपद एकदाही नाही’ असं ठोकून दिलं. भाच्याने पकडलं: विजेतेपद होतं, पण तेव्हा याच संघाचं गाव आणि नाव वेगळं होतं.

म्हणून सांगतो, नाव सोडा, गाव धरा. वही आडवी घ्या, रेघ मारा, मुक्काम लिहा: रॉचेस्टर, १९५७ला सिनसिनाटी, १९७२ला कॅन्सस सिटी (सुरुवातीला ओमाहाही वाटेकरी, ते पेन्सिलीने), १९८५ला सॅक्रामेंटो. मग नावं: सिनसिनाटीपर्यंत रॉयल्स, पुढे किंग्ज. एनबीएची विजेतेपदं शेवटी, लाल शाईने. माझ्या वहीत लाल ठिपका एकच पडला, १९५१चा, तोही रॉचेस्टरवर.