घरातलं वयस्क माणूस विसरू लागलं तर

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, नाव ओठांवर येऊन अडकणं आणि तासाभराने सुचणं, हे वयाबरोबर होतंच. किती विसरलं यापेक्षा विसरण्याने रोजचं कोणतं काम अडलं, ते पाहा. दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा येणं, बिल दोनदा भरणं, नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, गोळ्या घेऊन झाल्यावर पुन्हा घेणं. तुलना शेजारच्या समवयस्काशी नको, त्याच माणसाच्या आधीच्या वागण्याशी करा. जन्मभर हिशेबात कच्चा असलेला माणूस आज चुकला तर विशेष नाही. पै-पै लिहून ठेवणारा चुकू लागला तर आहे.

बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, मध्येच गुंगी येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवी गोळी, अशी बरी होणारी कारणं यामागे असतात. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पडल्यावर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून जुनं पडणंही आठवून सांगा.

बदल सावकाश होत असेल तर तीन-चार आठवडे वहीत नोंदी ठेवा: तारीख, वेळ, काय घडलं, आदल्या रात्रीची झोप. ‘हल्ली फार विसरतात’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘मंगळवारी सकाळी गॅस चालू ठेवून बाहेर गेले, विचारल्यावर पेटवल्याचंच आठवेना’ यातून कळतं. ही नोंद आधीच डॉक्टरांच्या हाती द्या. माणसासमोर चुकांचा पाढा वाचू नका.

सोबत घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, वारंवार लघवी होऊ नये म्हणूनच्या गोळ्या स्मरणावर परिणाम करतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 हे जीवनसत्त्व कमी झालेलं असू शकतं, आणि त्यानेही विसरायला होतं. बी-12 आणि थायरॉइडची तपासणी होतेच; ऐकू कमी येणं आणि नैराश्य मात्र तुम्हीच बोलून दाखवा, कारण दोन्ही विसरण्यासारखीच दिसतात. शिक्षण किती झालंय तेही सांगा. स्मरणाच्या 30 गुणांच्या चाचणीत कमी शिकलेल्यांचे गुण तसेही कमी पडतात.

घरी परीक्षा घेऊ नका. ‘आत्ताच तर सांगितलं!’ याने आठवत नाही, फक्त अपमान होतो. दरवेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं थोडक्यात उत्तर द्या. एका वेळी एकच काम सांगा. ‘माझे पैसे चोरले’ असा आरोप झाला तर वाद न घालता ‘चला, शोधू या’ म्हणा.

आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी आणा, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. बँकेचे अधिकार आणि इच्छापत्र यांचं काम निर्णयशक्ती शाबूत असतानाच, त्यांच्याच मर्जीने उरकून घ्या. पुढे त्यांच्या सहीच्या वैधतेवरच प्रश्न उभा राहू शकतो.