तारीख-वेळ जेसनमध्ये पाठवण्यापूर्वीची तयारी

कोड लिहायला बसण्याआधी अ‍ॅप्लिकेशनमधल्या तारीख-वेळेच्या सगळ्या फील्डची यादी काढा. प्रत्येकापुढे लिहा: हा घडून गेलेला क्षण आहे, नुसती कॅलेंडरवरची तारीख आहे, की पुढे कधीतरी एखाद्या ठिकाणच्या घड्याळात वाजणारी वेळ? ऑर्डर नोंदवल्याची वेळ, जन्मतारीख आणि सहा महिन्यांनंतर सकाळी नऊला ठरलेली भेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सगळं यूटीसीत (जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत) ठेवा’ हा सल्ला जिथे-तिथे मिळतो, पण तो यातल्या पहिल्या प्रकारालाच पुरतो. फॉरमॅटचा विचार त्यानंतर.

घडून गेलेल्या क्षणाचं काम सोपं आहे. जेसन या डेटा देवाणघेवाणीच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही, म्हणून तो मजकूर म्हणून पाठवा: यूटीसीत, शेवटी यूटीसीची खूण म्हणून झेड लावून, आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाप्रमाणे. आयएसओ ८६०१ हे तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक फार ऐसपैस आहे, त्यात आठवड्याच्या क्रमांकाने लिहिलेली तारीखही बसते. २००२ सालच्या आरएफसी ३३३९ ने इंटरनेटवर लागतो तेवढा भाग नेमका करून दिला आहे. जावास्क्रिप्ट पाठवताना हे रूप आपोआप देते, पण पार्स केल्यावर, म्हणजे जेसन वाचून पुन्हा डेटा केल्यावर, हाती मजकूरच येतो. तो पुन्हा तारखेत कुठे बदलायचा ते ठरवून ठेवा आणि बदलताना फील्डच्या नावावर विसंबा. तारखेसारखा दिसणारा प्रत्येक मजकूर पकडून बदलायचा मोह आवरा, नाहीतर कुणी शेऱ्यात नुसती तारीख लिहिली तरी तिचंही रूपांतर होईल. पायथॉनचं जेसन मॉड्यूल डेटटाइम दिसला की सरळ टाइपएरर देतं. तो घालवायला सगळ्याचं सरसकट स्ट्रिंगमध्ये रूपांतर केलं, तर टाइमझोन नसलेली वेळ ऑफसेटशिवाय (यूटीसीपासूनच्या फरकाशिवाय) बिनबोभाट बाहेर पडते. एरर परवडली, ही वेळ नको.

जन्मतारखेसारखी नुसती तारीख दहा अक्षरांचा मजकूर म्हणूनच ठेवा: वर्ष, महिना, दिवस. तिचा जावास्क्रिप्टमधला डेट ऑब्जेक्ट करूच नका. नुसती तारीख दिली की तो यूटीसीची मध्यरात्र धरतो, आणि अमेरिकेतल्या ब्राउझरमध्ये आदला दिवस दिसतो. उलट स्थानिक मध्यरात्र धरून ऑब्जेक्ट केला आणि यूटीसीत पाठवला, तर ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या देशांत एक दिवस मागे जातो. त्यात तारखेसोबत वेळ असेल आणि ऑफसेट नसेल, तर तोच ऑब्जेक्ट स्थानिक वेळ धरतो. असा विसंगत नियम लक्षात ठेवण्यापेक्षा त्याच्या वाटेला न जाणं बरं.

खरी तयारी लागते ती पुढच्या वेळांना. इथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, उदाहरणार्थ ‘युरोप/इस्तंबूल’, अशी दोन फील्ड ठेवा. ऑफसेट म्हणजे टाइमझोन नव्हे. तो त्या झोनचा त्या क्षणापुरता आकडा असतो आणि सरकारं तो बदलतात. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१६ मध्ये कायम +०३:०० वर राहायचं जाहीर केलं. त्याआधी कुणी जानेवारी २०१७ मधली सकाळी नऊची भेट +०२:०० धरून यूटीसीत साठवली असेल, तर ती दहाला दिसू लागली. सामोआने तर २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच वगळला. म्हणून यूटीसीचा हिशोब वेळ जवळ आल्यावर करा, आणि सर्व्हरवरचा आयएएनए या संस्थेचा टाइमझोन डेटाबेस (जगभरच्या झोनच्या नियमांची यादी) अद्ययावत राहील याची जबाबदारी कुणाकडे तरी द्या. पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ कॉलम झोन साठवत नाही. क्षण साठवतो आणि झोन टाकून देतो. डेलाइट सेव्हिंग पाळणाऱ्या, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे नेणाऱ्या ठिकाणी वसंतात एक तास येतच नाही आणि शरदात एक तास दोनदा येतो. पॅरिसमधला अडीचचा ठोका अशा दिवशी निवडला गेला तर फॉर्मने काय करायचं, तेही आताच लिहून ठेवा.

वेळ आकड्यात, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत किंवा मिलिसेकंदांत, पाठवायचीच असेल तर फील्डच्या नावातच एकक घाला. सध्याच्या वेळा सेकंदांत दहा अंकी आणि मिलिसेकंदांत तेरा अंकी असतात. स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसला की सेकंद मिलिसेकंद म्हणून वाचले गेलेत असं समजा. ३२ बिटांचे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात, मायएसक्यूएल डेटाबेसच्या टाइमस्टॅम्प कॉलमची मर्यादाही तीच. नॅनोसेकंद जावास्क्रिप्टच्या अचूक पूर्णांकात मावत नाहीत, ते मजकूर म्हणून पाठवा.

अचूकतेचं एक तपासा. पोस्टग्रेस मायक्रोसेकंद ठेवतो, ब्राउझरमधला डेट ऑब्जेक्ट मिलिसेकंदांवर थांबतो. ‘शेवटचा बदल’ ब्राउझरमधून परत येताना तीन अंक गमावतो, मग ‘मधे कुणी बदल केला का’ ही तुलना जवळजवळ कधीच जुळत नाही.

टेस्ट नुसत्या यूटीसीत चालवल्या तर यातल्या बहुतेक चुका लपून राहतात. त्या काठमांडू (+०५:४५), किरितिमाती (+१४:००) आणि लॉस एंजेलिस अशा झोनमध्येही चालवा.

जुना डेटा असेल तर प्रत्येक कॉलम कोणत्या झोनमध्ये लिहिला गेला ते आधी शोधा. कॉलमच्या नावावर विश्वास ठेवू नका, लिहिणारा कोड वाचा. स्थानिक वेळेत लिहिलेल्या नोंदींमध्ये शरदात दोनदा आलेल्या तासाचा खरा क्रम वेळेवरून कळणार नाही, तिथे चढत्या आयडीचा आधार घ्या.